"दादा, आजींना दुखतंय माहितीये मला, पण आधी त्याला बघू द्या"

एवढंच बोलून सिस्टर पळाली. नाशिकच्या द्वारका चौकाकडून १०८ मधून एक पोरगा आणलेला, डोक्याला मार. आईचं मनगट मोडलेलं, म्हणून आम्ही थांबलो, कॅज्युअल्टीत ज्याचा जीव धोक्यात तो आधी आणि ते बरोबरच आहे.

सिस्टरच्या एका हातात वर धरलेली सलाईनची बाटली, खांद्याने कानाशी दाबलेला फोन, सीटीस्कॅनवाल्यांशी बोलणं चालू, आणि त्यातच कुणाचा तरी नातेवाईक तिच्यावर ओरडतोय. "बसा काका, येतेच." आवाज जरासुद्धा चढला नाही.

डॉक्टर-नर्सवर हात उचलणं महाराष्ट्रात २०१० पासून अजामीनपात्र गुन्हा आहे, असा कायदा करावा लागला याचंच वाईट वाटतं. एका पेशंटमागे दहा जण आत घुसायचं तरी थांबवूया ना आपण?