एक लाख साठ हजार आणि कार्तिकातली पौर्णिमा

रजा चार दिवसांची, पैसे एक लाख साठ हजार, तेही दोघांचे मिळून आणि नाशिकच्या घरातून निघून परत घरी येईपर्यंतचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये एक जोडपं एवढ्या अटी घेऊन आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात आलं. साहेब बँकेत, ताईंचा घरगुती डब्यांचा व्यवसाय. दोघंही पन्नाशीचे, शाकाहारी, ताईंचे गुडघे जरा कुरकुरणारे, आणि परदेशवारी पहिलीच.

साहेबांनी चौकटीच्या वहीत तक्ताच करून आणला होता. बाली, व्हिएतनाम, भूतान, श्रीलंका, आणि प्रत्येकासमोर व्हिडिओतून उतरवलेला ‘एकूण खर्च’. ताईंची मागणी एकाच ओळीची होती. "पाण्यावरचे कंदील बघायचेत मला. ते होई आनचे." साहेबांनी लगेच पुस्ती जोडली, "बजेटमध्ये."

गिऱ्हाईक देश ठरवून येतं आणि तारीख मागाहून सांगतं, हे नेहमीचंच. स्वस्त सहलीचं गणित मात्र तारखेपासून सुरू होतं, म्हणून मी आधी रजेचं विचारलं. दिवाळीत डब्यांची आणि फराळाची गडबड, म्हणजे दिवाळी बाद. डिसेंबरात विमानभाडं चढतं. उरला नोव्हेंबरचा पहिला आठवडा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं तर 5 नोव्हेंबरला बुधवारी गुरू नानक जयंतीची सुट्टी आणि 8 ला दुसरा शनिवार. बँकेतल्या माणसाला 3, 4, 6 आणि 7 अशी चारच रजा टाकून शनिवारी रात्री निघून पुढच्या शनिवारी रात्री परतायला मिळत होतं. आठवडा सापडला आणि वहीतले निम्मे देश त्या आठवड्यानेच खोडले.

होई आन मध्य व्हिएतनाममध्ये. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि थू बोन नदी जुन्या गावात शिरते ती याच दिवसांत. ई-व्हिसा 25 डॉलरचा, रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग, जेवण-राहणं स्वस्त, सगळं खरं. पण कंदिलांच्या गावात गुडघाभर पाणी असेल तर स्वस्ताईचं काय करायचं? उत्तरेकडे हनोई-निन्ह बिन्हला त्या दिवसांत छान हवा असते, तो पर्याय मी ठेवला होता. ताईंना तो पटला नाही, कंदील तिथे नव्हते. (ऑक्टोबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात ह्यू शहराच्या परिसरात एका दिवसात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि होई आनच्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. इतकं टोकाचं कोणालाच अपेक्षित नव्हतं, पण पावसाचा हंगाम तिथला जुनाच.)

बालीत नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो. शिवाय विमानतळावरचा व्हिसा 5 लाख रुपिया आणि 2024 पासून लागू झालेला पर्यटन कर दीड लाख रुपिया, म्हणजे माणशी साडेतीन हजार रुपये पाय ठेवायलाच. भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून तो स्वस्त समजतात. पण भारतीयांनाही माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. पाच रात्री, दोन माणसं, म्हणजे 12,000 रुपये आणि त्यात चहासुद्धा नाही. नाशिकहून जाण्यायेण्यात दिवस जातात ते वेगळेच. श्रीलंकेत नोव्हेंबर म्हणजे दुपारच्या सरी. तोही बाद.

मग मी थायलंडचं नाव काढलं. साहेबांचा चेहरा पडला. पट्टाया वगैरे नको, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, चिआंग माई. उत्तरेचं डोंगरी गाव, नोव्हेंबरात पाऊस सरलेला, रात्री स्वेटर लागेल न लागेल अशी हवा. (फेब्रुवारी ते एप्रिल मात्र शेतं आणि रानं जाळल्याच्या धुराने ते गाव भरलेलं असतं, तेव्हा कितीही स्वस्त मिळालं तरी जाऊ नये.) आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथे लोय क्रथोंग. केळीच्या खुंटाची चकती, वर केळीच्या पानांची दुमड, मधे फूल, उदबत्ती, मेणबत्ती, हे झालं क्रथोंग, आणि ते नदीत सोडायचं. उत्तरेकडे त्याच दिवसांत यी पेंग, म्हणजे आकाशात सोडायचे कंदील. 2025 साली ती पौर्णिमा बरोबर 5 नोव्हेंबरला.

"म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा," ताई म्हणाल्या. "मी रामकुंडावर दिवे सोडते ती?"

तीच. साहेबांनी वहीचं पान उलटलं.

सण म्हटला की भाव चढतो, तेव्हा ही सहल स्वस्तात बसवायची तर कुठे पैसे द्यायचे नाहीत ते आधी ठरवावं लागतं. गावाबाहेर तिकीट लावून कंदील उडवण्याचे मोठे कार्यक्रम होतात. जेवण आणि ने-आण धरून माणशी पाच हजार बाथ किंवा वरच. बाथ तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दोघांचे साडेसत्तावीस हजार एका संध्याकाळचे. तो खर्च मी सरळ काढला. पिंग नदीवरचा नवरत पूल, थापे गेट, तीन राजांच्या पुतळ्याचा चौक इथे फुकट बघायला मिळतं, आणि क्रथोंग नदीकाठी पन्नास-शंभर बाथला. केळीचं घ्यायचं, थर्मोकोलचं नाही. शहराच्या आत स्वतः आकाशकंदील सोडायला बंधनं आहेत, विकायला कोणी पुढे आला तरी घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या संध्याकाळी आकाशात कंदील असतात म्हणून चिआंग माई विमानतळावरची काही उड्डाणं दरवर्षी रद्द होतात किंवा त्यांची वेळ बदलते. स्वस्त दिसतं म्हणून पौर्णिमेच्या रात्रीचं विमान घेणारे नेमके तिथे अडकतात. आम्ही जाताना विमान घेतलंच नाही. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवत स्टेशनवरून संध्याकाळी सुटणारी रात्रीची गाडी घेतली, दुसऱ्या वर्गाचा वातानुकूलित स्लीपर, माणशी हजार बाथच्या आसपास. खालचा बर्थ वरच्यापेक्षा थोडा महाग, पण रुंद आणि शिडी नाही. ताईंसाठी तो आधी पक्का केला, मग बाकीचं. हॉटेलची एक रात्र वाचली ती वेगळी. परतीचं विमान 6 तारखेला दुपारचं. तिथे एक पाहावं लागतं. बँकॉकला विमानतळ दोन, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. देशांतर्गत स्वस्त विमानं बरीचशी डॉन मुआंगला उतरतात. लगेच मुंबईचं विमान सुवर्णभूमीहून असेल तर शहर ओलांडावं लागतं. मधे दोन रात्री बँकॉकला ठेवल्यामुळे आम्हाला ती धावपळ नव्हती.

हिशेब असा बसला. मुंबई-बँकॉक जाऊन-येऊन दोघांचे 47,000. रेल्वे 5,800. परतीचं आतलं विमान सामानासकट 12,100. सामान नंतर जोडलं तर महाग पडतं, म्हणून तिकिटासोबतच. हॉटेलं चिआंग माईत तीन रात्री आणि बँकॉकला दोन, 24,200. सणामुळे चिआंग माईची खोली एरवीपेक्षा सातशे बाथने चढी होती, पण ऑगस्टमध्ये धरली म्हणून मिळाली तरी. खाणंपिणं, फिरणं, मंदिरांची तिकिटं यांना दोघांत रोजचे 1,800 बाथ, सात दिवसांचे 34,650. दोइ इंथानोन डोंगराची एक दिवसाची सहल 8,250. विमा 1,400. नाशिक-मुंबई टॅक्सी दोन्ही वेळची 9,000. बेरीज 1,42,400. उरलेले साडेसतरा हजार अडीअडचणीला आणि ताईंच्या बाजारहाटाला.

शेवटची ओळ कोणी लिहीत नाही, मुंबईपर्यंतच्या टॅक्सीची. नाशिक-कोल्हापूरकडच्या माणसाच्या बजेटात नेमकी तीच फट पडते.

पॅकेज म्हणून विकलं असतं तर जीएसटी आणि वर, तेव्हाच्या नियमाने, 5 टक्के टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतला जाणारा आयकर, लागला असता. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आत्ता खिशातून जातो. म्हणून तिकिटं आमच्याकडून आणि हॉटेलचे पैसे हॉटेलवरच, त्यांच्या कार्डाने, असं ठेवलं. आमचा नफा कमी झाला, पण बजेटच तेवढं होतं.

मग कागद. ताईंच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, आणि साहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं आधारवरचं, सासरचं. तिकीट पासपोर्टच्या नावानेच निघालं पाहिजे. पासपोर्टच्या तळाला ज्या दोन यंत्रवाचनाच्या ओळी असतात, त्यांत जे अक्षरांत आहे तेच, वडिलांचं नाव मधे असेल तर तेही. स्वस्त तिकिटावर नाव बदलायला अनेकदा तिकिटाइतकेच पैसे जातात. साहेबांचा पासपोर्ट मार्च 2026 मध्ये संपत होता. प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, नाहीतर चेक-इनलाच थांबवतात. नूतनीकरणाची फी 1,500 रुपये. तत्काळचे 2,000 जास्त, पण हातात दोन महिने होते, गरज पडली नाही. तिकिटं त्यासाठी अडवली नाहीत, पासपोर्टचा नवा नंबर नंतर भरता येतो.

थायलंडला व्हिसा नको होता, पण 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. फुकट आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट त्याचेच डॉलर मागतात, म्हणून ते आम्ही समोर बसवून भरून घेतलं. आणि एक गोष्ट तिकिटावर लाल शाईने लिहून दिली. विमान 2 नोव्हेंबरच्या पहाटेचं, म्हणजे विमानतळावर जायचं ते 1 तारखेच्या रात्री.

सगळं पक्कं झालं आणि 24 ऑक्टोबरला थायलंडच्या राजमाता सिरिकित गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन. सण होणार की नाही? रद्द करायचं का? मी म्हटलं, आता रद्द केलं तर हातात फारसं काही येणार नाही, आणि लोय क्रथोंग हा पाण्याच्या पूजेचा सण आहे, तो कोणी बंद करत नाही. नाचगाणं, आतषबाजी कमी होईल. झालंही तसंच. फरक सामानात करावा लागला. ताईंनी मुद्दाम घेतलेले दोन भडक ड्रेस घरी ठेवले, पांढरे-राखाडी कपडे भरले. राजमातांचं पार्थिव बँकॉकच्या राजवाड्याच्या, ग्रँड पॅलेसच्या, आवारातच ठेवलेलं होतं, त्यामुळे तो यादीतून काढला. माणशी 500 बाथचं तिकीट वाचलं, त्या ऐवजी वाट अरुण आणि वाट फो ही मंदिरं.

जेवणाची काळजी ताईंना होती. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली दुकानं दाखवून ठेवली होती. तिथे मासळीचा रस नसतो, कांदा-लसूणही नाही. इतरत्र भाजीतही तो रस असतो, नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. दोइ सुथेप डोंगरावरच्या मंदिराला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. शेजारी थोड्या बाथमध्ये वर नेणारी लिफ्टसारखी गाडी आहे, ती माहीत असल्याने गुडघ्यांचा प्रश्न आला नाही. गावात फिरायला लाल सोंगथेव, म्हणजे बाकांच्या शेअर गाड्या, आधी भाडं ठरवून.

परतल्यावर साहेब वही घेऊन आले. एकूण 1,54,000. बँकॉकच्या टॅक्सींनी ठरल्यापेक्षा जास्त खाल्लं, बाजारहाटाने उरलेलं. एका ओळीखाली मात्र त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. बँकॉकच्या हॉटेलात कार्ड सरकवल्यावर यंत्राने विचारलं, बाथ की रुपये, आणि त्यांनी सवयीने रुपये दाबलं. हॉटेलच्या बाजूचा दर लागून 3,400 बाथचे सव्वाचारशे रुपये जास्त गेले. मी निघताना सांगितलं होतं, बाथच दाबा. "बँकेत रोज लोकांना आम्ही हेच सांगतो हो," एवढंच म्हणाले आणि ती रक्कम ‘इतर खर्च’ या रकान्यात ढकलली.