गेरूतला मंगळ
(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९९८)

ऑगस्ट १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या दगडात जीवसृष्टीच्या खुणा सापडल्याची बातमी पेपरांत झळकली. दगड अंटार्क्टिकावर १९८४ सालीच मिळालेला. आम्ही नववीतल्या पोरांनी मात्र 'मंगळावर जीव आहे' असं जाहीरच करून टाकलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "असं? मग उद्या ओळखून दाखवा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर काचेच्या तीन बरण्या. आत गेरू कालवून लाल केलेली वाळू. (मंगळाचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, तेव्हा गेरू अगदी अस्सल!) एकीत नुसती वाळू, एकीत इनो, एकीत बेकरीतून आणलेलं यीस्ट. कशात काय, ते बाईंनी सांगितलं नाही. आधी सजीवांची लक्षणं वहीत लिहायला लावली, मग तिन्हींत कोमट साखरपाणी ओतलं.

'ब' बरणी फसफसून वर आली. अख्खा वर्ग ओरडला, "बाई, जिवंत!" थोड्याच वेळात ती गार. 'क' मात्र ढिम्म. मधल्या सुट्टीनंतर बघतो तर तिच्यात बारीक बुडबुडे, चढत चाललेला फेस आणि आंबवलेल्या पिठासारखा वास. आमच्यातले हुशार म्हणाले, चुन्याची निवळी लावा, निकाल लागेल. पण दोन्हींच्या वायूनं निवळी दुधाळच झाली! मग बाईंनी चौथी बरणी मांडली. तव्यावर भाजलेलं यीस्ट घातलेली ही बरणी मात्र शेवटपर्यंत गप्प राहिली.

मग बाई व्हायकिंग यानांवर आल्या. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन्ही यानांनी मातीत किरणोत्सारी कार्बनयुक्त पोषक द्रव सोडला, तर वायू आला. माती आधी १६० अंश सेल्सियसला तापवली, तर आला नाही. म्हणजे आमची 'क' बरणीच की! तरी बहुतेक शास्त्रज्ञांनी जीव मानला नाही, कारण त्या मातीत सेंद्रिय रेणू (सजीव ज्यांचे बनलेले असतात ते कार्बनयुक्त रेणू) सापडेनात. प्रयोगाचे जनक गिल्बर्ट लेव्हिन मात्र आपल्या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिले.

घटक चाचणीत प्रश्न आला: 'मंगळावर जीव आहे का? कारण द्या.' गुण फक्त कारणाला. मी 'नाही, सेंद्रिय रेणू मिळाले नाहीत' असं लिहून पैकीच्या पैकी घेतले.

२००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. माती तापवली की हे क्षार सेंद्रिय रेणूंचा नाश करू शकतात, आणि व्हायकिंगनं तर ते रेणू माती तापवूनच शोधले होते. हे वाचल्यावर मी निवृत्त झालेल्या बाईंना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझा पेपर पुन्हा तपासायला हवा."