पाच एचपी डिझेल, नोंद ४ : रेशो बसला, इंजिन ब्रेकवर चढलं

विहिरीवरचं नेहमीचं इंजिन : एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), १५०० आरपीएमला ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. अर्धा मिमी ओव्हरसाइज बोअर झाल्यामुळे आता ८०.५ धरायचं. पिस्टनने कापलेली जागा ५५२.९ वरून ५५९.९ सीसी झाली. हा फरक किरकोळच. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, खरा हलतो तो पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणाऱ्या पस्तीस-सदतीस सीसीत.

ती जागा तुकड्यातुकड्यानेच मोजावी. नोझलच्या भोकातून डिझेल ओतून एकदम मोजायला गेलं की रिंगांमधून गळतं आणि बुडबुडे अडकतात. दोनदा मोजलं तर दोन उत्तरं. पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीवर ६ मिमी अॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवली. पट्टीला दोन भोकं, एक डिझेलला, एक हवेला. ब्युरेटने वाटी भरली : २७.२ सीसी. सीट कापून व्हॉल्व्ह आत बसलेत, त्यांचे खळगे १.५. वरच्या रिंगेच्या वरची फट ०.८.

राहिलं पिस्टन आणि हेडमधलं अंतर. २ मिमी शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवले, हेड पूर्ण टॉर्कला आवळलं आणि फ्लायव्हील हाताने टीडीसीपलीकडे (पिस्टनच्या वरच्या टोकापलीकडे) नेलं. तुकडे गजन पिनच्या रेषेतच ठेवायचे, नाहीतर पिस्टन कलतो आणि तार खोटं सांगते. चपटलेली तार १.५८ आणि १.६२, सरासरी १.६ मिमी. या बोअरला दर मिलिमीटरमागे ५.०९ सीसी, म्हणजे ८.१ सीसी. बेरीज ३७.६ आणि रेशो (५५९.९ + ३७.६) भागिले ३७.६, म्हणजे १५.९. मूळ साडेसोळा रेशोच्या इंजिनाला हे कमीच. सकाळी चालू करताना हँडल मारून खांदे भरून येतील.

ब्लॉकखालची ०.४ मिमीची एक पॅकिंग काढली. तार पुन्हा दाबली, १.२ मिमी. वरची जागा ३५.६ सीसी, रेशो १६.७. एवढ्या एका पत्र्याने ०.८ चा फरक पडतो, म्हणून नवीन गॅस्केट टाकली की तार दाबून पाहिल्याशिवाय इंजिन शेवटचं आवळू नये. कॉम्प्रेशन गेजच्या आकड्याला वातावरणाच्या दाबाने भागून रेशो काढणारे पुष्कळ भेटतात. तो रेशो नव्हे. इनलेट व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन खालच्या टोकाला पोचल्यानंतर) मिटतो, हवा दाबताना तापते, रिंगा थोडी सोडतात. गेज हे सगळं एकत्र दाखवतं.

आता ब्रेक, म्हणजे इंजिनाची पॉवर मोजायला फिरत्या ड्रमवर दोर आवळायचा; दोराच्या एका टोकाला वजन, दुसऱ्याला स्प्रिंगकाटा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून ३०० मिमीचा ड्रम कापून आणला, आतल्या बाजूला पाणी धरायला काठ ठेवून. दोर १६ मिमी, सुती. सोलापुरात सुताला तोटा नाही, तेव्हा नायलॉनच्या वाटेला जाऊ नये. तो वितळून ड्रमला चिकटतो. त्रिज्या ०.१५० नव्हे, ०.१५८ मीटर, कारण जोर दोराच्या मध्यावर लागतो. हे विसरलं तर टॉर्क सरळ ५ टक्के कमी येतो.

१४९० आरपीएमला वजन १८ किलो, स्प्रिंगकाटा ३.४. निव्वळ १४.६ किलो म्हणजे १४३.२ न्यूटन, टॉर्क २२.६ न्यूटन-मीटर, पॉवर ३.५३ किलोवॅट. एवढी सगळी पॉवर ड्रमवर उष्णता होऊन उतरते, ताशी पाचेक लिटर पाणी वाफ होतं. नळ रोज न येणाऱ्या गावात बादली आधी भरून ठेवा. ड्रम कोरडा पडला की दोर धरतो, काटा नाचतो आणि वाचन गेलं.

मेकॅनिकल एफिशियन्सी, म्हणजे सिलिंडरात तयार झालेल्या पॉवरपैकी बाहेर किती येते ते. त्याला मोर्स टेस्ट (एकेक सिलिंडर बंद करून मोजणं) इथे चालत नाही. एकच सिलिंडर आहे, बंद कुठला करणार? विलन्सची रेषा काढायची, म्हणजे पॉवरसमोर डिझेलचा खर्च मांडून रेषा मारायची. १० सीसी डिझेल संपायला लागलेला वेळ, घनता ०.८३, प्रत्येक लोडला गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) हलवून आरपीएम पुन्हा १५०० च्या आसपास :

बिनलोड : ११० सेकंद, ताशी ०.२७२ किलो
१.२० किलोवॅट : ६० सेकंद, ०.४९८
२.३५ किलोवॅट : ४२ सेकंद, ०.७११
३.५३ किलोवॅट : ३० सेकंद, ०.९९६

पहिले तीन बिंदू सरळ रेषेत बसतात. ती मागे शून्य डिझेलपर्यंत ओढली की घर्षणात जाणारी पॉवर मिळते, १.४५ किलोवॅट. पूर्ण लोडला ३.५३ भागिले ४.९८, म्हणजे ७१ टक्के, १.२ किलोवॅटला जेमतेम ४५. त्यामुळे लोड न सांगता नुसती टक्केवारी सांगणाऱ्याला आधी लोड विचारावा.

चौथा बिंदू रेषेच्या वर आहे, कारण तिथे धूर सुरू होतो आणि डिझेल पुरतं जळत नाही. तोही धरून रेषा मारली तर घर्षण १.२८ येतं आणि एफिशियन्सी ७३. इंजिन फुकट शहाणं दिसतं. पेपरवर रेषा मारताना हात त्या बिंदूकडे झुकतोच, म्हणून आधी तो खोडून ठेवावा.

वाचनं सकाळी सातच्या आत घेतली. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंशाला हवा २५ अंशापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त विरळ होते. पंपाचा रॅक (डिझेलचं माप ठरवणारी दांडी) तेवढंच डिझेल देत राहतो, हवा पुरत नाही, धूर आधी दिसतो. दुपारचा चौथा बिंदू आणखी वर जाईल. पुढच्या नोंदीत नोझलचा दाब, आणि तोच बिंदू पुन्हा.