न विचारता बिल छापायचं होतं

सांगलीत मामांची खानावळ आहे. तिथलं बिलाचं सॉफ्टवेअर मी लिहिलं, ब्राउझरमध्ये चालणारं. पहिल्याच दिवशी दुपारी मामांचा फोन आला. "अरे, दर बिलाला ती छपाईची खिडकी उघडते. एका हातात सुटे पैसे, मी माऊस कुठं शोधत बसू?" त्यात कुणीतरी त्या खिडकीत प्रिंटरऐवजी 'सेव्ह अॅज पीडीएफ' निवडलं होतं. क्रोम शेवटची निवड लक्षात ठेवतं, त्यामुळे पुढची बिलं कागदावर येईनातच.

जावास्क्रिप्टची एखादी ओळ बदलली की झालं, असं मला वाटलं होतं. पण विंडो.प्रिंटला, म्हणजे पान छापायला लावणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आदेशाला, 'न विचारता छाप' असं सांगायची सोयच नाही. कोणते प्रिंटर जोडलेत हेसुद्धा पानाला कळत नाही. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अॅक्टिव्हएक्सनं, म्हणजे पानातून मशीनवरचे प्रोग्राम चालवायच्या सोयीनं, हे जमायचं. क्रोममध्ये जावा अॅप्लेटची, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामची, वाट २०१५ साली बंद झाली. आधी चिडचिड झाली. मग मनात आलं, उघडलेलं कुठलंही पान मामांच्या प्रिंटरचा रोल संपवू शकलं असतं तर? ही परवानगी मशीनच्या मालकानंच द्यायला हवी, हे तेव्हा मला पटलं.

आधी क्यूझेड ट्रे बसवून पाहिलं. हा प्रोग्राम मशीनवर चालतो, पान वेबसॉकेटनं, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीनं, त्याच्याशी बोलतं आणि तो प्रिंटरला थेट ईएससी-पॉसचे, म्हणजे बिलाच्या प्रिंटरच्या भाषेतले, आदेश देतो. छपाई झटपट झाली, कागदही आपोआप कापला गेला, पण 'भाकरी'च्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं! आमच्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. मजकुराचं चित्र करून पाठवता आलं असतं, पण जोडाक्षरं ब्राउझर आयतीच नीट जुळवतो, मग तेच काम आपण परत कशाला करायचं? आणि बिल मराठीतच हवं, यावर मामा ठाम होते. मीही.

शेवटी क्रोमच्या शॉर्टकटमध्ये, टार्गेटच्या रकान्यात शेवटी, दोन डॅश देऊन 'किऑस्क-प्रिंटिंग' हा पर्याय जोडला; त्यानं क्रोम छपाईची खिडकी न दाखवता थेट छापतं. काहीच फरक पडेना. तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं, की आधीचं क्रोम मागे चालूच होतं आणि नवी खिडकी त्यालाच जाऊन मिळत होती. 'यूजर-डेटा-डिर' देऊन बिलासाठी वेगळं फोल्डर केलं, तेव्हा ते सुटलं. बिल जुन्या निवडीमुळे भलतीकडे जाऊ नये म्हणून 'यूज-सिस्टम-डिफॉल्ट-प्रिंटर'ही जोडलं. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये पानाची रुंदी ८० मिलिमीटर, समास शून्य. कागद कापायची सेटिंग ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सापडली.

एक गोष्ट मामांना आणि गल्ल्यावरच्या पोराला बसवून सांगितली. बिलाच्या या क्रोम खिडकीत उघडलेलं कोणतंही पान न विचारता छापू शकतं, म्हणून तिच्यात फक्त बिल. मेल, बातम्या, गाणी दुसऱ्या आयकॉनवरून. तो आयकॉन मी डेस्कटॉपच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

एवढं करूनही कागद खरंच बाहेर आला की नाही, हे पानाला कळत नाही. रोल संपला तरी पान गप्पच. म्हणून आता बिल आधी क्रमांकासह साठवलं जातं, मग छापलं जातं. शेजारी 'पुन्हा छापा' असं मोठं बटण आहे, आणि त्यावरून निघालेल्या बिलावर ठळक अक्षरांत 'दुसरी प्रत' येतं.