कापणीच्या सणाला रिकामं टेबल

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जालना, बदनापूर, अंबड, भोकरदन आणि मंठा हे आमच्या जिल्ह्यातले पाच तालुके होते. त्याच सुमारास आमच्या मंडळीत, म्हणजे मी पास्टर असलेल्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाची तारीख ठरवायची होती. ज्यांनी हा सण पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेदीपुढे एक लांब टेबल मांडतात. त्यावर लोक आपल्या शेताचं पहिलं पीक आणून ठेवतात: कपाशीची बोंडं, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंडी, लिंबं, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या बैठकीत दोन मतं पडली. काही म्हणाले, यंदा सणच नको, टेबल रिकामं दिसलं तर लोकांची मान खाली जाईल. माझं मत होतं की सण करायचा, टेबलही मांडायचं, शब्द मात्र बदलायचे. नेहमीच्या उपकारस्तुतीच्या गाण्यांनी सुरुवात केली असती तर अर्धे लोक ओठ हलवत बसले असते. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात दुःखी माणसापुढे गाणी गाणाऱ्याची तुलना थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणाऱ्याशी केली आहे. त्या वचनावर उपदेश फार कमी ऐकू येतो.

म्हणून पहिलं वाचन यिर्मया १४, वचनं १ ते ६. हा अध्याय दुष्काळावरच आहे. सरदार नोकरांना पाण्याला पाठवतात, ते टाक्यांपाशी जातात आणि रिकामी भांडी घेऊन परततात. जमीन भेगाळलेली आहे, शेतकरी डोकं झाकून घेतात, हरिणी पाडस टाकून जाते कारण गवत नाही. वाचन मी केलं नाही. ज्यांच्या घरी टँकरची पाळी तिसऱ्या दिवशी येते अशा एका मावशींना दिलं. त्यांना आधी दोनदा मोठ्याने वाचून घ्यायला लावलं, कारण अडखळलं की लोक शब्दांऐवजी वाचणाऱ्याकडे बघायला लागतात. वाचनानंतर एक शब्दही जोडायचा नाही, असं ठरवलं होतं. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे शांतता पडली की पेटीवाल्याचे हात आपोआप सूर धरतात. त्याला आधीच सांगावं लागलं की मी खूण करेपर्यंत भाता हलवायचा नाही.

मग स्तोत्र १३. सहाच वचनं आहेत, पण रचना बघण्यासारखी आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोन वचनांत मागणी आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. शुष्क काळात बोलायला लागणाऱ्यांनी हा क्रम मोडू नये. मोडणारे सहसा शेवटून सुरुवात करतात, भरवशाची वचनं आधी ऐकवतात आणि मग समोरचा माणूस गप्प का झाला याचं नवल करतात. आम्ही लोकांना सांगितलं, ज्याला बोलायचं असेल त्याने एकच वाक्य बोलावं, ‘हे प्रभू, कुठवर’ असं सुरू करून. ते देवाला उद्देशून असावं, शेजाऱ्याला नाही. स्पष्टीकरण नको, सल्ला नको.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. कोणीतरी एका वाक्याचं पाच मिनिटांचं प्रवचन करतो. किंवा कोणीतरी प्रार्थनेच्या आडून विहिरीच्या वाट्याचं भांडण काढतो. दोन्ही त्या दिवशी झालं. पहिल्या वेळी मी मध्येच ‘आमेन’ म्हणून पुढच्या माणसाकडे वळलो. दुसऱ्या वेळी आमच्या वडीलजनांपैकी एकाने फक्त खांद्यावर हात ठेवला, आणि ते पुरेसं झालं. बाकीची वाक्यं लहान आणि खरी होती. ‘हे प्रभू, कुठवर सोसायटीच्या माणसाला तोंड चुकवू?’ ‘कुठवर लेकरांना मामाकडं ठेवू?’ एकाने नुसतं ‘कुठवर’ म्हटलं आणि खाली बसला.

उपदेश लहान ठेवला, यहेज्केल ३७ वर. वाळलेल्या हाडांचं खोरं सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी सहसा सुटतात. देव विचारतो, ही हाडं जिवंत होतील काय? संदेष्टा ‘होय’ म्हणत नाही. तो म्हणतो, प्रभू, तुलाच ठाऊक. दुसरं, वचन दोनदा बोलावं लागतं. पहिल्या वेळी हाडाला हाड जुळतं, स्नायू, मांस, कातडी चढते, पण श्वास नसतो. श्वासाला वेगळं बोलवावं लागतं. घरभेटीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एका भेटीत माणूस उठून जेवायला बसला तर तेवढंच त्या दिवसाचं काम, प्रार्थनेला उभा राहिला नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

दुपारी लिलाव झाला. टेबलावर लिंबं, थोडी अंडी, शेवग्याच्या शेंगा आणि एक कोंबडा एवढंच होतं. आमच्याकडे लिलाव घेणारा वस्तू परत दान करतो आणि ती पुन्हा बोलीला येते, त्यामुळे तो कोंबडा बराच वेळ हातोहात फिरला. जमलेले पैसे चाऱ्याला द्यायचं ठरलं. या भागाबद्दल इतकंच, खरं काम संध्याकाळी होतं.

मंडळीतले एक आबा सणाला आले नव्हते. मोसंबीची बाग, विहीर, आणि मंडळीत प्रार्थनेला उभे राहिले की सगळ्यांनी मान खाली घालावी असा आवाज. पावसाळा कोरडा गेल्यापासून त्यांनी मोठ्याने प्रार्थना करणं सोडलं होतं, घरातली कुटुंबप्रार्थनासुद्धा. आधी एक पाहुणे उपदेशक त्यांच्याकडे जाऊन आले होते आणि त्यांनी बागेचाच दाखला दिला होता: मोसंबीला बहार यावा म्हणून तुम्ही ताण देता, तसा देव तुम्हाला ताण देतोय. इथल्या शेतकऱ्याला हा दाखला लगेच कळतो. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत पाणी तोडतात, साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण पुरे झाला असं धरतात आणि हळूहळू पाणी सुरू करतात. आबांनी ऐकून घेतलं होतं. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा मला म्हणाले, “पास्टरसाहेब, ताण देतो तवा पाणी विहिरीत असतं. कधी सोडायचं ते आपल्या हातात असतं. हे ताण न्हाई, हे वाळणं हाय. झाडाला फांदीपातुर सुकवा आला.”

यावर वाद घालू नये. ते बरोबर बोलत होते. दुःखाचं कारण आपण ठरवून द्यायचं हे बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांचं काम, आणि त्या मित्रांनीही पहिले सात दिवस आणि सात रात्री तोंड उघडलं नव्हतं, तेच त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं.

अशा घरी पहिले प्रश्न शरीराचे विचारावेत. झोप लागते का, कितीला जाग येते, भाकरी किती खाता, शेतात जाता का. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाण्याचा कुंजा दिला, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. देव बोलला तो पुढे, होरेब डोंगरावर, आणि तेही प्रश्न विचारून. आबांची झोप रात्री दोनला मोडत होती. मग सरळ विचारावं, आडवळणाने नाही: “आबा, जीव द्यावा असं मनात येतं का?” असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. विचारलं की माणूस मोकळा होतो. आबा थोड्या वेळाने म्हणाले, “येतं कधी कधी.” अशा उत्तरानंतर वचन काढून बसायचं नाही. फवारणीचं औषध घरात कुठे आहे ते मुलाला विचारलं, त्याने दोन्ही डबे त्याच वेळी चुलत्याच्या घरी नेऊन ठेवले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये टाकला, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात दाखवायचं त्यांच्यासमोरच ठरलं. आत्म्याचा कोरडेपणा आणि मनाचा आजार एकाच घरात राहू शकतात. एकाची काळजी घेतली म्हणून दुसऱ्याची घेतली असं होत नाही.

हे सगळं झाल्यावर वचन. स्तोत्र ८८ वाचलं, संपूर्ण. या स्तोत्राला शेवटी कलाटणी नाही, ते अंधारातच संपतं. मी थांबलो तेव्हा आबांनी विचारलं, “पुढं?” म्हटलं, पुढे नाही. “हे बी पवित्र शास्त्रात हाय?” त्यांनी पुस्तक हातात घेऊन पाहिलं. एवढी वर्षं मंडळीत राहून हे स्तोत्र त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. उपासनेत आपण ते वाचत नाही.

नंतर हबक्कूकाचा तिसरा अध्याय, १७ आणि १८. उपदेशकांना अठरावं वचन आवडतं, ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन’ अशा अर्थाचं. पण त्याआधी सतराव्या वचनात संदेष्टा ‘जरी’ म्हणून सहा नुकसानं एकेक करून मोजतो: अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा. मी घरच्यांना सांगितलं, आपली सहा नावं घाला. सुनेने मोजली: मोसंबी, कपाशी, सोयाबीन, तूर, शेळ्या, दावणीचा बैल. बैल गेल्याच महिन्यात विकला होता. मग ‘जरी’पासूनचा भाग सगळ्यांनी मिळून म्हटला. ‘तरी’चा भाग मात्र दुसऱ्याच्या वतीने म्हणायचा नाही, ज्याला जमेल त्याने आपल्यापुरता म्हणावा. सुनेने म्हटला. आबा ‘जरी’पाशी थांबले. थांबू दिलं.

हल्ली घोषणा करायची एक पद्धत आली आहे. मी समृद्ध आहे, माझं शेत हिरवं आहे, असं मोठ्याने बोला म्हणजे होईल. जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे या वचनाचा आधार देतात. पण जिभेने खोटं बोलल्याने जीवन येत नाही, आणि वाळलेल्या बागेत उभं राहून बाग हिरवी आहे म्हणणारा माणूस शेवटी स्वतःच्या विश्वासालाच दोष देत बसतो. हबक्कूक काहीही नाकारत नाही, म्हणूनच त्याचा ‘तरी’ खरा वाटतो.

निघताना आबांना एकच काम दिलं. रोज संध्याकाळी स्तोत्र १३ चं पहिलं वचन तोंडाने, ऐकू येईल असं म्हणायचं. मनातल्या मनात नाही, कारण विश्वास ऐकण्याने येतो असं प्रेषित पौल लिहितो आणि घरात दुसरं कोणी म्हणत नसेल तर आपला आवाजच ऐकावा लागतो. त्यापुढे प्रार्थना जमली तर करायची, नाही तर दिवा मालवायचा.

मग मंडळीतून घरभेटीला दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. दोन वचनांपेक्षा जास्त वाचायची नाहीत. ‘काळजी करू नका’, ‘देवाची योजना असेल’ ही दोन वाक्यं बंद. चहा दिला तर घ्यायचा, पण पाणी मागायचं नाही, आपली बाटली न्यायची. एका जोडीने परत येऊन विचारलं, लोक पाऊस कधी येईल ते सांगा म्हणतात, काय सांगायचं? यिर्मयाचा तोच चौदावा अध्याय शेवटपर्यंत वाचायला सांगितला. तिथे लोक पाऊस देणाऱ्याची वाट पाहतात, पाऊस आल्याचं त्या अध्यायात लिहिलेलं नाही. पावसासाठी प्रार्थना करा, रोज करा, तारीख देऊ नका.