शेवटची ओळ

गेल्या ऑक्टोबरात एक गृहस्थ उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक जॅकेट घेऊन आमच्याकडे आले. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. अभ्रा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही काढेनात. आत दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी वैमानिकांचं ए-२ चामडी जॅकेट होतं, त्यांच्या वडिलांचं. वडील बी-१७ या बाँबफेकी विमानात मशीनगनवर होते, इंग्लंडमधल्या तळावर, आठव्या हवाई दलात.

पाठीवर विमानाचं नाव अर्धं उडालेलं. त्याखाली पांढरे बाँब, बोटाच्या पेराएवढे, पाच ओळींत पाच-पाच. एक बाँब म्हणजे एक मोहीम. १९४४च्या वसंतापर्यंत त्या दलात पंचवीस मोहिमा झाल्या की माणसाला घरी पाठवत, पुढे तो आकडा तीस आणि मग पस्तीस झाला. २६ हजारांवर माणसं त्या एका दलाची मेली. पंचवीस बाँब पूर्ण झालेली पाठ म्हणजे परत आलेल्या माणसाची पाठ.

त्यांचं मागणं साधं होतं. मनगटाची आणि कमरेची लोकरी विणपट्टी कसरीने खाल्ली होती ती बदलायची, चेन दुरुस्त करायची, अस्तर शिवायचं. आणि वरच्या चार ओळी पिवळट पडून पापुद्रे सुटायला लागले होते, तर शेवटची ओळ अजून छान पांढरी होती. "वरचे वीसही तसेच करून द्या, सगळे एकसारखे दिसू देत," म्हणाले. नोव्हेंबरातल्या माजी सैनिकांच्या मिरवणुकीत नात ते घालणार होती.

आमचं दुकान न्यूयॉर्क राज्यात, हडसनच्या काठी. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, पण ही जॅकेटं जिथे शिवली गेली त्यातली तीन ठिकाणं आमच्या जवळपासच आहेत: बीकनला एरो लेदर, पुलापलीकडे न्यूबर्गला पेरी स्पोर्ट्‌सवेअर, आणि वर पोकिप्सीला आणखी एक कारखाना. मानेच्या आतलं लेबल शाबूत होतं. ए-२, ड्रॉइंग क्रमांक ३०-१४१५, पेरी. म्हणजे पूल ओलांडला की याचं माहेर.

मी कोल्हापूरची. आजी पायताणांच्या वेण्या घालायची, आजोबांची रापी अजून माझ्याजवळ आहे. हे जॅकेट घोड्याच्या कातड्याचं आणि झाडांच्या सालींच्या अर्कात कमावलेलं. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा असतो, इथे दुसरी झाडं, पण जुनं झालं की वास फार जवळचा येतो. अशी जॅकेटं मी नाकानेच आधी बघते. कातडं सडून तांबडी भुकटी सुटायला लागली असेल तर वास आंबट, बोचरा होतो. याचा नव्हता. बगलेत आणि कोपरांवर खोल भेगा होत्या, तेवढंच.

कामाचा मोठा भाग उसवण्याचा असतो हे कुणाला सांगून पटत नाही. कापडाला पडलेलं भोक बुजतं, कातड्याला एकदा पडलं की ते कायमचं. म्हणून चेन परत लावताना नवीन टाका घालायचाच नाही, जुन्याच भोकांतून जायचं. कातड्याची सुई धारदार असते, ती भोक कापून मोठं करते. मी गोल टोकाची सुई लावते, मोटर बंद ठेवते आणि मशीनचं चाक हाताने फिरवते, एका वेळी एक टाका, भिंगातून बघत. समोरची एक बाजू शिवायला सगळी दुपार जाते. आमची मालकीण हेच काम वीस मिनिटांत उरकते. तिच्यासारखा वेगवान हात मी पाहिला नाही, पण तिच्या लेखी कुठलंही जॅकेट म्हणजे अंगात घालायचा कपडा, आणि नवीन भोकांची ओळ दिसली तरी तिला काही वाटत नाही. या जॅकेटची चेन आधी कुणीतरी तशीच बदलली होती. जुनी टॅलन कंपनीची धातूची चेन काढून नायलॉनची, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, मूळच्या भोकांपासून सूतभर बाजूला. आता त्या कडेला भोकांच्या दोन ओळी आहेत, टपाल तिकिटासारख्या. ते बघून माझा जीव खालीवर झाला.

असले नवे दोरे शोधायला मी अंधारात अतिनील किरणांचा टॉर्च फिरवते. युद्धानंतरच्या बऱ्याच दोऱ्यांत आणि धुलाईच्या साबणांत उजळवणारी रसायनं असतात, ती निळी पेटून उठतात. तसा तो पाठीवरून फिरवला. वरच्या चार ओळी फिकट हिरवट-पिवळ्या चमकल्या. जस्ताचा जुना पांढरा रंग असाच चमकतो. शेवटची ओळ मात्र काळीभोर राहिली. टायटॅनियमचा पांढरा रंग तसा दिसतो.

दिवा लावून भिंग घेतलं. वरचे वीस बाँब कातड्याबरोबर तडकलेले होते. भेग आरपार गेलेली, आत रंगाचा ठिपका नाही. शेवटच्या पाचांत रंग भेगांमध्ये उतरलेला होता. म्हणजे कातडं आधी तडकलं आणि बाँब नंतर आले. अशी खूण मला पाठ आहे, कारण बनावट पाठी मी खूप बघते. १९४३मध्ये अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नल्डनी चामड्याच्या जॅकेटांचे पुढचे करार थांबवले आणि कापडी जॅकेटं आणली, तेव्हा खरी ए-२ मोजकीच. त्यातली रंगवलेली पाठ दिसली की किंमत कितीतरी पटींनी चढते. म्हणून साध्या पाठींवर बाँब काढून विकणारे आहेत. माझ्याकडेही येतात, "जुनं दिसेल असं रंगवून द्या" म्हणत. मी नाही म्हणते, मग ते कुणा दुसऱ्याकडे जातात आणि त्यांचं काम होतं.

पण हे जॅकेट घराबाहेर गेलंच नव्हतं. इथे विकणारा कुणी नव्हता.

मालकीण म्हणाली, गिऱ्हाईक सांगेल तेवढं करावं, बोलू नये. गप्प राहायचं तर मला वीस खऱ्या बाँबांवर शेवटच्या पाचांचा रंग चढवावा लागला असता. ते माझ्या हातून झालं नसतं. मी फोन केला आणि म्हटलं, एकदा या, काहीतरी दाखवायचं आहे.

ते आले. टॉर्च, मग भिंग, दोन्ही दाखवलं. "शेवटची ओळ नंतर काढलेली आहे, बऱ्याच वर्षांनी," एवढंच मी बोलले. बराच वेळ ते भिंगातून डोळा काढेनात. मग म्हणाले, "तो रंग माझा होता."

नऊ-दहा वर्षांचे असताना ते प्लास्टिकची विमानं जोडायचे, त्यांच्या रंगांच्या छोट्या बाटल्या असायच्या. एका रविवारी वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, जॅकेट पालथं घातलं आणि मुलाकडे पांढरी बाटली मागितली. तोवर ते जॅकेट घालून ते बर्फ उपसायचे. मुलाला वाटलं, उडालेला रंग परत भरताहेत. त्याने ब्रश धुऊन दिला. वडील कितीतरी वेळ एकाच ओळीवर वाकून होते.

मग मीच त्यांना घाईघाईने कारणं सांगायला लागले. दर तळावर चित्रं काढणारा एखादाच असायचा, तो मेला असेल किंवा बदलून गेला असेल, शेवटच्या पाच मोहिमा रंगवायच्या राहिल्या असतील. दुसऱ्या विमानातून केल्या असतील. सैनिकांचे वैयक्तिक कागद सेंट लुईसला असायचे, तिथे १९७३मध्ये आग लागली आणि लष्कराच्या त्या काळातल्या बहुतेक फायली जळाल्या. पण पथकांच्या मोहिमांच्या नोंदी राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, नाव शोधता येतं. त्यांनी हात वर केला. "नको," म्हणाले. "आणि रंगही नको. आहेत तसे राहू देत, सगळे."

मग पापुद्रे तेवढे बसवले, बारीक ब्रशने थेंब-थेंब चिकटद्रव्य सोडत, पंचविसांचेही. रंग कुठेच लावला नाही. जुनी टॅलन चेन एका मोडीत निघालेल्या जॅकेटवरून मिळाली, ती मूळच्या भोकांतून शिवली.

दुरुस्तीनंतर मी डाव्या खिशात एक चिठ्ठी ठेवते, पुढच्या कारागिरासाठी. काय बदललं, कुठला दोरा, कुठलं चिकटद्रव्य, जॅकेट आलं तेव्हा काय स्थितीत होतं. जॅकेट न्यायला आले तेव्हा त्यांनी ती उभ्यानेच वाचली. बाँबांच्या शेवटच्या ओळीबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं. ते म्हणाले, "एवढं काढाल का? नात वाचेल."

मी नवीन चिठ्ठी लिहून दिली, त्या वाक्यावाचून. आजवर एकाही चिठ्ठीतून मी काही गाळलं नव्हतं. पहिली चिठ्ठी माझ्या खणात आहे. तीवर जॅकेटचा आमच्या वहीतला क्रमांक आहे, आणि वही मालकिणीची आहे. ती चिठ्ठी फाडावी की ठेवावी, हे मी ऑक्टोबरापासून ठरवते आहे.