बाळाचा श्वास मोजायला शिकले तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी, तासगावला झालं. दिवस पूर्ण भरलेले, डिलिव्हरी नॉर्मल, बाळाचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. घरी सोडताना दवाखान्यातून फाइल मिळाली, लसींचं कार्ड मिळालं, टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. बाळ झोपेत श्वास कसं घेतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

रात्री दूध पाजून त्याला शेजारी ठेवलं आणि बघत पडले. भराभर श्वास चालू होता, पोट वरखाली होत होतं. एकाएकी सगळं थांबलं. मी वाट बघतेय, पुढचा श्वास येतच नाही. मग एक मोठा उसासा, आणि पुन्हा भराभर सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, ते दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. आई उठून आली. आज्जी पलीकडच्या खाटेवरून म्हणाली, “लहान लेकरं अशीच श्वास घेत्यात. तू नीज आता.”

आज्जीचं खरं होतं. पण ‘अशीच घेत्यात’ एवढ्यावर डोळा लागत नाही. कितीपर्यंत थांबलं तर चालतं आणि कुठून पुढे धोका, हे मला हवं होतं. ते माहीत नसल्यामुळे मी पुढच्या सगळ्या रात्री बसून काढायला लागले. बाळ झोपलं की माझा हात त्याच्या पोटावर. नाकातून घुरघुर आली तरी भीती, आवाज बंद झाला तरी भीती. नवरा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असायचा. त्याने बाळाच्या पायात घालायचा, ऑक्सिजन मोजणारा मोजा ऑनलाइन शोधून ठेवला होता.

सुटका झाली ती आशाताई घरी आल्यामुळे. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी आधी साबणाने हात धुतले. काखेत थर्मामीटर लावला, झोळीच्या काट्यावर वजन केलं. मी श्वासाचं सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दूध जोरात ओढतंय का?” ओढत होतं. मग झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, “आता तूच मोज. पोटाकडं बघ. वर जाऊन खाली आलं की एक.”

बाळ शांत असताना मोजायचं. रडताना किंवा पिताना मोजलेला आकडा खरा नाही. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास एकसारखा चालतच नाही. एका मिनिटात साधारण ३० ते ६० च्या आत श्वास ठीक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याच्या वर गेला, तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचं. पुन्हा तेवढाच आला तर डॉक्टरांकडे. माझा आकडा ४६ आला. आशाताईंनीही मोजला, त्यांचा ४७.

घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली, आणि २०११ पासून आशांमार्फत ती देशभर सुरू झाली. हे मी नंतर वाचलं. माझ्या बाळाच्या पोटाकडे बघत मोजणाऱ्या आशाताईंच्या मागे एवढं काम उभं आहे हे कळल्यावर फार आधार वाटला.

तरी त्यांनीच सांगितलं, मनात शंका ठेवू नकोस, बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव. “आणि थांबतंय तेव्हाचा व्हिडिओ काढून ने. दवाखान्यात गेल्यावर ते तसं करायचं नाही.” तसंच झालं, टेबलावर बाळ एकदम व्यवस्थित. डॉक्टरांनी तळपायाला पट्टी लावून ऑक्सिजन बघितला, छाती ऐकली आणि मग व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. म्हणाले, “याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात. श्वासाचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग अजून तयार होतोय. ५ ते १० सेकंद थांबून बाळ आपलं आपण सुरू करत असेल आणि रंग बदलत नसेल, तर काळजी नको.” लवकर जन्मलेल्या बाळांत हे जास्त दिसतं, आणि सहा महिन्यांपर्यंत बहुतेकांचं जातं.

धोका कुठला तेही त्यांनी सांगितलं. श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबणं. त्याआधीसुद्धा बाळ निळसर किंवा पांढरं पडणं, अंग ढिलं सोडणं. प्रत्येक श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखालची छाती खोल आत ओढली जाणं. दूध ओढायचं बंद होणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. निळेपणा ओठांवर आणि जिभेवर बघायचा. नवजात बाळाचे हातपाय थंडीने निळसर दिसू शकतात. सावळ्या बाळात तर जिभेवरूनच नीट कळतं.

मोज्याबद्दल ते स्पष्ट बोलले: निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याची गरज नाही, आणि त्याने बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू टळतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा बाळ झोपतं कसं ते सांगा, म्हणाले. इथे आज्जीला सोबत नेलं होतं ते फार उपयोगी पडलं. डॉक्टरांनी सगळं तिलाच समजावलं. प्रत्येक झोपेला पाठीवर, कुशीवरही नाही. गादी घट्ट, उशी नको, मोहरीचीसुद्धा नको, तोंडाजवळ गोधडी नको. आणि अंघोळीनंतरची वेखंड-ओव्याची धुरी बंद. आज्जी म्हणाली, “आमची सगळी पोरं धुरीवरच वाढली.” डॉक्टर म्हणाले, “वाढली आज्जी, पण ज्यांना धाप लागली त्यांचं कारण तेव्हा कुणाला कळलं नाही. तेलाचं मालिश करा की, ते तुमच्याच हातचं हवं.” घरी येऊन आज्जीने शेगडी स्वतः उचलून परसात ठेवली. मोहरीची उशी आत्याने हौसेने शिवली होती, ती कपाटात गेली.

घुरघुर नाकातल्या सुकलेल्या शेंबडाची होती. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, थेंब दूध पाजण्याआधी घातले की नाक मोकळं व्हायचं.

भीती लगेच गेली नाही. शनिवारी नवरा आला तेव्हा त्याला मोजायला शिकवलं, आणि रात्रीचा पहिला भाग त्याने जागायचा असं ठरवलं. तरीही बाळ दुसऱ्याकडे असताना मला झोप लागेना. पुढच्या भेटीत आशाताईंनी बाळाच्या आधी माझी चौकशी केली आणि डॉक्टर मॅडमना हे सांग म्हणून बजावलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं, बाळंतपणानंतर अशी चिंता अनेकींना जडते आणि तिच्यावर उपचार आहेत हे सांगितलं, आणि मला पुन्हा यायला लावलं. तिथून माझी झोप हळूहळू परत आली. ‘तू कशी आहेस’ हा प्रश्न प्रत्येक बाळंतिणीला कुणीतरी विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

नणंदेची तारीख जवळ आली आहे. तिला मी सांगून ठेवलंय: डिस्चार्जच्या दिवशी फाइल हातात घेण्याआधी सिस्टरला बाळाचा श्वास एक मिनिट मोजून दाखवायला सांग, आणि मग त्यांच्यासमोर तू मोज, दाजींनाही मोजू दे.